प्रेअरीवर स्थिरावलेल्या जर्मन पूर्वजाचा माग कसा काढावा

माझी सून नेब्रास्कातल्या, म्हणजे अमेरिकेच्या मध्यभागातल्या प्रेअरी नावाच्या गवताळ माळावरच्या, शेतकरी घरातली आहे. लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा तिच्या माहेरी मुक्कामाला गेलो, तेव्हा जेवणं उरकल्यावर विहीणबाईंनी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा टेबलावर आणून ठेवला. आत जर्मन बायबलचं एक सुटं पान, चार फोटो, कराच्या काही पावत्या आणि घड्यांवर फाटायला आलेला जमिनीचा एक कागद. "पणजोबा जर्मनीहून आले, शेती केली. याहून जास्त आमच्याकडे कोणी बोललंच नाही," त्या म्हणाल्या.

पुढे नातू झाला. त्याच्या वडिलांकडचा कुलवृत्तांत आमच्या कपाटात छापील आहे, आणि आईकडे हा एवढा डबा. मला ते सलत राहिलं. म्हणून मी हे काम हाती घेतलं आणि चार वर्षांत हळूहळू शिकले. तुमच्या घरात असा जावई किंवा सून असेल, किंवा त्या भागात राहून शेजाऱ्यांच्या इतिहासात तुम्हाला रस वाटत असेल, तर कुठून सुरुवात करायची ते इथे सांगते. उदाहरणं नेब्रास्काची आहेत, पण कॅन्सस आणि दोन्ही डकोटांमध्येही रीत बरीचशी हीच.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. माणसाच्या नावामागे धावू नका, त्याच्या जमिनीमागे जा. योहानचा जॉन होतो, हाइनरिखचा हेन्री, श्मिटचा स्मिथ. एकाच परगण्यात एकाच नावाची तीन-तीन माणसं सापडतात. जमीन मात्र जागची हलत नाही आणि तिच्याभोवती कागद साठत जातात. मी सुरुवातीला उलटं केलं होतं. इंटरनेटवर नाव टाकलं, कोणीतरी तयार केलेली सुबक वंशावळ मिळाली आणि मी ती जशीच्या तशी उतरवून घेतली. सहा महिन्यांनी कळलं, की त्या वंशावळीतला माणूस वयाच्या सहाव्या वर्षीच जर्मनीत वारला होता.

पहिली पायरी: घरातली माणसं आणि घरातले कागद

घरातल्या सर्वात वयस्कर माणसापासून सुरुवात करा आणि उशीर करू नका. "तुमचे पूर्वज कुठले?" असं विचारलं तर "जर्मनी" एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी लहान, हाताला लागतील असे प्रश्न विचारा. आजी प्रार्थना कोणत्या भाषेत म्हणायची? ख्रिसमसला काय शिजायचं? कोणत्या चर्चच्या आवारात कोणाला पुरलं? जुनं घर शेताच्या कोणत्या कोपऱ्यात होतं? विहीणबाईंनी जरा संकोचून सांगितलं, की माळावर झाडच नसल्यामुळे त्यांच्या पणजीच्या काळी गुरांचं वाळलेलं शेण जाळून स्वयंपाक व्हायचा. मी त्यांना गोवऱ्या, त्या थापणं, रचून ठेवणं हे सगळं सांगितलं. त्यानंतर त्यांच्या आठवणी जास्त मोकळेपणाने यायला लागल्या.

कागदांचे फोटो काढताना मागची बाजू विसरू नका. फोटोच्या पुठ्ठ्यावर स्टुडिओचं आणि गावाचं नाव छापलेलं असतं. घरात 'ॲब्स्ट्रॅक्ट ऑफ टायटल' नावाचं जाड बाड असेल तर तुमचं अर्धं काम झालं. त्या जमिनीचा सरकारकडून पहिल्या मालकाला मिळाल्यापासूनचा सगळा हस्तांतराचा इतिहास त्यात क्रमाने असतो. आपल्याकडचे सगळे फेरफार एकत्र शिवून ठेवावेत, तसं समजा.

दुसरी पायरी: जमीन

या पायरीला सर्वात जास्त वेळ द्या.

२० मे १८६२ रोजी अब्राहम लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर सही केली आणि १ जानेवारी १८६३ पासून तो लागू झाला. कुटुंबप्रमुख किंवा २१ वर्षं पूर्ण झालेली व्यक्ती, त्यात अविवाहित आणि विधवा बायकाही आल्या, १६० एकरांपर्यंत सरकारी जमिनीवर दावा लावू शकत होती. परदेशातून आलेल्या माणसाला त्यासाठी आधी नागरिक व्हायचा इरादा न्यायालयात जाहीर करावा लागे. पाच वर्षं तिथे राहून जमीन कसल्याचं सिद्ध केलं, की थोड्याशा शुल्कात ती त्याच्या मालकीची होई. अगदी पहिल्या दिवशी दावा लावणाऱ्यांत गणला जाणारा डॅनियल फ्रीमन याची जमीन नेब्रास्कात बिॲट्रिस गावाजवळ होती. आज तिथे होमस्टेड राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. तिथे एकदा तरी जा.

पहिला शोध अमेरिकेच्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या जनरल लँड ऑफिस नोंदींच्या संकेतस्थळावर घ्या. तो फुकट आहे. राज्य, परगणा आणि आडनाव टाकलं, की मालकीपत्राची, म्हणजे पेटंटची, प्रत आणि जमिनीचं वर्णन मिळतं. ते वर्णन साधारण असं असतं: "वायव्य पाव, सेक्शन १४, टाउनशिप ३ उत्तर, रेंज ५ पूर्व, सहावा प्रिन्सिपल मेरिडियन." पहिल्यांदा वाचताना घाबरायला होतं, पण रचना सोपी आहे. टाउनशिप म्हणजे सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद चौकोन. त्यात ३६ सेक्शन असतात. प्रत्येक सेक्शन एक मैल लांब-रुंद, म्हणजे ६४० एकरांचा. त्याचे चार पाव केले, की प्रत्येकी १६० एकर होतात: ईशान्य, आग्नेय, नैऋत्य, वायव्य. आपल्या चार उपदिशाच त्या. तिथले शेतकरी आजही नुसतं "क्वार्टर" म्हणतात, आणि घर ज्यावर आहे तो "होम क्वार्टर".

सेक्शनचे आकडे नांगराच्या तासासारखे चालतात. ईशान्येच्या कोपऱ्यात १, तिथून पश्चिमेकडे ६ पर्यंत. मग बैल वळवल्यासारखं खालच्या ओळीत ७ पासून पूर्वेकडे, आणि असं करत आग्नेयेच्या कोपऱ्यात ३६. नेब्रास्का आणि कॅन्ससची मोजणी ४० अंश अक्षांशावरून सुरू होते, आणि दोन्ही राज्यांची हद्दही तीच आहे. म्हणून "टाउनशिप ३ उत्तर" म्हणजे कॅन्ससच्या हद्दीपासून उत्तरेला तिसरी ओळ. रेंज तशीच प्रिन्सिपल मेरिडियनपासून, म्हणजे ठरवलेल्या उत्तर-दक्षिण रेषेपासून, पूर्वेला किंवा पश्चिमेला मोजतात. एवढं कळलं, की कागदावरून थेट नकाशावर बोट ठेवता येतं.

पेटंट हा फक्त शेवटचा कागद. खरा ऐवज त्यामागच्या फायलीत असतो. होमस्टेडच्या फायली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि पेटंटवरचा क्रमांक, जमिनीचं वर्णन आणि लँड ऑफिसचं नाव देऊन प्रत मागवता येते. नेब्रास्काच्या फायली डिजिटल झाल्या आहेत. फायलीतल्या 'फायनल प्रूफ'मध्ये, म्हणजे जमीन कसल्याच्या अखेरच्या पुराव्यात, अर्जदाराला आणि त्याच्या दोन साक्षीदारांना प्रश्न विचारलेले असतात: कधी राहायला आलात, घर केवढं, विहीर आहे का, किती एकर माळ मोडला, किती हंगाम पिकं घेतली, घरात कोण कोण? आमच्या फायलीत मुळांसकट कापलेल्या गवताळ मातीच्या ढेपांचं, तिकडे ज्याला सॉडी म्हणतात तसं घर होतं, १४ बाय २० फुटांचं. एक दार आणि दोन खिडक्या. ते वाचून सून बराच वेळ गप्प बसली होती.

फाइल वाचताना तीन गोष्टी बघा. अर्जदार परदेशी जन्माचा असेल तर नागरिकत्वाच्या कागदाची प्रत बहुधा फायलीतच असते आणि त्यावर न्यायालयाचं नाव आणि तारीख असते. मध्येच नवरा वारला असेल, तर पुढचा पुरावा बायकोच्या नावाने असतो, म्हणून तिचंही नाव शोधा. आणि १८७४ च्या टोळधाडीनंतर नुकसान झालेल्या शेतकऱ्यांना काही काळ दावा न गमावता बाहेर राहायची सवलत काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, दिली होती. तसं प्रतिज्ञापत्र फायलीत असेल तर त्या वर्षीची घरची परिस्थिती त्यातून कळते.

पेटंट सापडलंच नाही तर निराश होऊ नका. बऱ्याच लोकांचे दावे पाच वर्षं टिकले नाहीत. अशा रद्द झालेल्या नोंदी ट्रॅक्ट बुक नावाच्या वह्यांत असतात आणि त्या फॅमिलीसर्च या वंशावळींच्या संकेतस्थळावर पाहता येतात. दुसरी शक्यता अशी, की जमीन रेल्वे कंपनीकडून विकत घेतली असेल. सरकारने रेल्वेला मार्गाच्या दोन्ही बाजूंचे एकाआड एक, विषम क्रमांकाचे सेक्शन दिले होते आणि बर्लिंग्टनसारख्या कंपन्यांनी जर्मन भाषेत पत्रकं छापून गिऱ्हाइकं मिळवली. म्हणून सेक्शनचा आकडा विषम दिसला, की परगण्याच्या रजिस्टर ऑफ डीड्सच्या कार्यालयात खरेदीखतं शोधा. विकणाऱ्याची आणि घेणाऱ्याची अशा दोन वेगळ्या सूची तिथे असतात.

तिसरी पायरी: शेजारी

साक्षीदारांची नावं एका वहीत उतरवा. १८७९ पासून फायनल प्रूफच्या आधी स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागे आणि त्यात चार साक्षीदारांची नावं छापली जात. ही माणसं म्हणजे आसपासच्या क्वार्टरवरचे शेजारी, आणि बहुतेक वेळा त्याच गावाहून किंवा गावाशेजारून आलेले मेहुणे, चुलतभाऊ, बालमित्र. एक आला, त्याने पत्र लिहिलं, मागोमाग चार आले. तुमच्या माणसाचं मूळ गाव कुठेच लिहिलेलं नसेल, तरी शेजाऱ्याच्या मृत्युलेखात ते सापडू शकतं. आमचं तसंच झालं. साक्षीदारांपैकी एकाच्या थडग्यावर गावाचं नाव कोरलेलं होतं. काँग्रेसच्या ग्रंथालयाचा क्रॉनिक्लिंग अमेरिका हा जुन्या वर्तमानपत्रांचा संग्रह फुकट आहे. परगण्याचे जुने प्लॅट नकाशेही बघा. त्यांत प्रत्येक तुकड्यावर मालकाचं नाव असतं आणि चर्च-शाळाही दाखवलेल्या असतात.

चौथी पायरी: जनगणना

दर दहा वर्षांची जनगणना ७२ वर्षांनी खुली होते. आत्ता १९५० पर्यंतची पाहता येते. तिथून मागे या. १९०० ची सर्वात उपयोगी: जन्माचा महिना आणि वर्ष, अमेरिकेत आल्याचं वर्ष, लग्नाला किती वर्षं झाली, बाईला किती मुलं झाली आणि त्यांतली किती हयात आहेत. शेवटचे दोन आकडे शेजारी-शेजारी वाचताना मन घट्ट करावं लागतं. १९२० मध्ये जर्मनीत जन्मलेल्यांचा प्रांतही लिहायचा होता, म्हणून नुसत्या "जर्मनी"ऐवजी "पोमेरानिया" मिळू शकतं. १८९० ची जनगणना जवळजवळ पूर्ण नष्ट झाली. १९२१ मध्ये वॉशिंग्टनमध्ये लागलेल्या आगीत ती सापडली. मधली पोकळी नेब्रास्का आणि डकोटासाठी १८८५ च्या विशेष गणनेने थोडी भरून निघते. १८८० आणि १८८५ चे शेतीचे तक्ते मिळाले तर गाई किती, डुकरं किती, मका किती एकर, हेही कळतं.

एक धोका लक्षात ठेवा. जन्मस्थान "रशिया" आणि भाषा "जर्मन" असं दिसलं तर चूक झाली समजू नका. १७६३ च्या जाहीरनाम्याने सम्राज्ञी कॅथरीनने जर्मन शेतकऱ्यांना रशियात बोलावलं होतं. १८७० च्या दशकात त्यांच्या सवलती गेल्या आणि सक्तीची लष्करभरती आली, तेव्हा व्होल्गा नदीकाठचे आणि काळ्या समुद्राजवळचे हे जर्मन प्रेअरीवर आले. कॅन्ससमध्ये १८७४ मध्ये आलेल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी टर्की रेड नावाचा गहू रुजवला. अशा घरांचा शोध वेगळ्या वाटेने जातो. त्यासाठी लिंकन शहरातली अमेरिकन हिस्टॉरिकल सोसायटी ऑफ जर्मन्स फ्रॉम रशिया ही संस्था आहे. काळ्या समुद्राकडच्यांसाठी फार्गोच्या विद्यापीठातला संग्रह बघा.

पाचवी पायरी: चर्च आणि दफनभूमी

मूळ गावाचं नाव मिळण्याची सर्वात जास्त शक्यता इथे आहे. लुथेरन पाद्री विवाहाच्या आणि दफनाच्या नोंदीत जन्मगाव लिहीत. ही पुस्तकं चर्चमध्ये, चर्च बंद पडलं असेल तर शेजारच्या चर्चमध्ये किंवा संप्रदायाच्या अभिलेखागारात असतात. मिसूरी सिनॉड या लुथेरन संघटनेच्या चर्चसाठी सेंट लुईसची काँकॉर्डिया हिस्टॉरिकल इन्स्टिट्यूट, कॅथलिक असेल तर बिशपचं कार्यालय. फोन करण्यापेक्षा पत्र लिहा, हवी ती नोंद आणि वर्ष नेमकं सांगा आणि सोबत थोडी देणगी पाठवा.

थडग्यांचे फोटो फाइंड अ ग्रेव्ह या संकेतस्थळावर मिळतात, तरी जमेल तर स्वतः जाऊन बघा. 'गेब.' म्हणजे जन्म, 'गेस्ट.' म्हणजे मृत्यू. बाईच्या नावापुढे 'गेबोरेने' आलं, की त्यानंतरचं नाव तिचं माहेरचं. सकाळच्या तिरप्या उन्हात झिजलेली अक्षरं चांगली उमटतात. दगडावर खडू किंवा साबण घासू नका.

नोंदी वाचताना एक वळण जाणवेल. १९१८ च्या आसपास जर्मन अक्षरं संपतात आणि इंग्रजी सुरू होते. पहिल्या महायुद्धात जर्मन बोलणं म्हणजे देशद्रोह मानला जाऊ लागला. आयोवाच्या राज्यपालांनी मे १९१८ मध्ये सार्वजनिक ठिकाणी, टेलिफोनवर, प्रार्थनेतही फक्त इंग्रजी वापरण्याचा हुकूम काढला. नेब्रास्कात १९१९ च्या कायद्याने आठवी पूर्ण होईपर्यंत मुलांना परकी भाषा शिकवायला बंदी झाली. हॅम्प्टनजवळच्या झायन लुथेरन शाळेचे शिक्षक रॉबर्ट मेयर यांनी दहा वर्षांच्या मुलाला जर्मन वाचायला शिकवलं म्हणून त्यांना दंड झाला. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले आणि १९२३ मध्ये जिंकले. पण तोवर घराघरांत भाषा गप्प झाली होती. "आमच्याकडे कोणी बोललंच नाही" या विहीणबाईंच्या वाक्याचा अर्थ मला हे वाचल्यावर लागला. त्यांच्या आजी तेव्हा शाळेत जाणारी मुलगी होती.

सहावी पायरी: जहाज

इथे फार वेळ घालवू नका. हॅम्बुर्गहून निघालेल्यांच्या १८५० ते १९३४ च्या याद्या बहुतांश टिकल्या आहेत आणि त्यांत शेवटचं राहतं गाव असतं. ब्रेमेनच्या त्या काळच्या याद्या मात्र नष्ट झाल्या. तिथून निघालेल्यांसाठी अमेरिकेतल्या उतरण्याच्या याद्यांवर भागवावं लागतं. न्यूयॉर्कचं एलिस आयलंड १ जानेवारी १८९२ ला उघडलं. १८५५ ते १८९० पर्यंत लोक कॅसल गार्डनला उतरत, शिवाय बॉल्टिमोर, न्यू ऑर्लीन्स, गॅल्व्हस्टन ही बंदरंही होती. "एलिस आयलंडवरच्या कारकुनाने आमचं नाव बदललं" ही गोष्ट बहुतेक घरांत ऐकायला मिळते. तिथले कारकून जहाजावरून आलेल्या यादीवरून काम करत. नावं बदलली ती पुढे शाळेत, दुकानात, न्यायालयात, आणि पुष्कळदा लोकांनी स्वतःच बदलली.

सातवी पायरी: जर्मनीतलं गाव

१८७१ पूर्वी जर्मनी हा एक देश नव्हता. कागदावर प्रशिया, मेक्लेनबुर्ग, हॅनोवर, ओल्डेनबुर्ग, व्युर्टेम्बर्ग अशी नावं येतील. नागरिकत्वाच्या कागदात "प्रशियाच्या राजाची निष्ठा सोडतो" असं असेल तर तेवढाच धागा हाती लागतो, आणि प्रशिया फार मोठा होता. त्यातला बराच पूर्वभाग आज पोलंडमध्ये आहे: तेव्हाचं श्टेटिन आज श्चेचिन, पोझेन आज पोझनान.

गावाचं नाव मिळालं, तरी तेच गाव हे तपासा. आपल्याकडे वडगाव आणि पिंपळगाव जशी ठिकठिकाणी आहेत, तशी तिथे नॉयएनकिर्खेन आहेत. १९१२ च्या सुमाराचा मायर्स गॅझेटियर ऑनलाइन आहे. त्यात प्रत्येक खेड्याचं चर्च आणि नोंदणी कार्यालय कुठे होतं ते कळतं. सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी प्रशियात १ ऑक्टोबर १८७४ ला आणि साऱ्या जर्मनीत १ जानेवारी १८७६ ला सुरू झाली. त्याआधीसाठी चर्चची पुस्तकंच. प्रोटेस्टंटांची आर्किऑन या संकेतस्थळावर पैसे भरून, कॅथलिकांची माट्रिकुला या संकेतस्थळावर फुकट, जिथली चढवली गेली आहेत तिथली.

नोंदीतला व्यवसाय नीट वाचा, कारण माणूस निघाला का ते त्यात असतं. 'क्नेख्त' म्हणजे सालगडी, 'टागेलोनर' म्हणजे रोजंदार. मेक्लेनबुर्गमध्ये भूदासपद्धत १८२० मध्ये संपली, पण मजुराला जमीनदाराच्या परवानगीशिवाय तिथे स्थायिक होता येत नसे, आणि त्यामुळे लग्नही अडायचं. वायव्य जर्मनीत बऱ्याच ठिकाणी सगळी शेती एकाच मुलाकडे जाई, बाकीचे भाऊ मोकळ्या हातांचे. नैऋत्येला उलट, वाटण्या होऊन होऊन पोट भरणार नाही एवढे तुकडे उरत. अशा माणसाला १६० एकर म्हणजे काय वाटलं असेल, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

हस्ताक्षर कुरेंट नावाच्या जुन्या वळणाचं असतं. आजच्या जर्मन माणसालाही ते सहज वाचता येत नाही. आपल्याला मोडी वाचताना होतं तसंच. तिथला 'ए' हा 'एन'सारखा दिसतो, आणि 'यू'वर बाकदार रेघ असते. आधी वर्णमालेचा तक्ता समोर ठेवून घरातली नावं स्वतः शंभर वेळा लिहा. हात सरावला की डोळा वाचायला लागतो. मला दोन महिने लागले.

आठवी पायरी: प्रत्यक्ष जागेवर

जायच्या आधी आणखी एक पान लिहून काढा: या जमिनीवर त्याआधी कोण राहत होतं. बिॲट्रिसच्या परिसरात ते ओटो-मिसूरिया या मूळनिवासी जमातीचे लोक होते. १८५४ च्या करारानंतर त्यांच्याकडे बिग ब्लू नदीकाठचा एक राखीव पट्टा उरला, आणि १८८१ मध्ये तोही सोडून त्यांना आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं. पॉनी या दुसऱ्या मूळनिवासी जमातीला त्याआधीच, १८७० च्या दशकात जावं लागलं होतं. हे पान मी नातवाच्या वहीत पणजोबांच्या फायलीच्या आधी लावलं आहे.

मग निघा. खेड्यातले रस्ते बहुतेक सेक्शनच्या कडेनेच जातात, म्हणून दर मैलाला चौक येतो आणि चौक मोजत नेमक्या क्वार्टरवर पोहोचता येतं. जमीन आता दुसऱ्याची असेल तर आधी घरी जाऊन परवानगी मागा. आम्ही गेलो तेव्हा मालकाने पिकअपमध्ये बसवून स्वतः नेलं. मातीचं घर कधीच मातीत मिळालेलं असतं, तेव्हा भिंती शोधू नका. मक्याच्या कडेला विनाकारण उगवलेलं लायलकचं झुडूप, ओळीत उभे सीडर, विहीर बुजवल्याचा खळगा शोधा. आम्हाला लायलक सापडलं. सुनेने त्याचा एक फुटवा मुळांसकट मागून घेतला आणि ओल्या फडक्यात गुंडाळून घरी आणला.